समोरून देऊळ, मागून गोठा

लॉज म्हटलं की आपल्याकडे एस.टी. स्टँडसमोरची, उशीचा अभ्रा बघून झोप उडावी अशी जागा डोळ्यांपुढे येते. इंग्लंडमधल्या माझ्या कामातला लॉज वेगळा. मोठ्या जमीनदाराची इस्टेट, मधोमध त्याचा महाल, आणि महालाकडे जाणारा लांबलचक रस्ता जिथे सुरू होतो तिथल्या फाटकाला खेटून बांधलेलं पहारेकऱ्याचं घर, ते गेट लॉज. पाहुण्यांची घोडागाडी आली की घरातून कुणीतरी धावत यायचं, फाटक उघडायचं, मान लववायची, फाटक लावायचं. पहारेकरी शेतावर किंवा बागेत राबायला गेला असेल तर हे सगळं त्याची बायको करायची. नोकरीवर नाव मात्र त्याचं एकट्याचं.

मी रीडिंग शहराजवळच्या एका कौन्सिलात कॉन्झर्व्हेशन ऑफिसर होते. पुण्यात आर्किटेक्ट झाले, नवऱ्याच्या आय.टी.च्या नोकरीमागून इकडे आले, जुन्या इमारतींचा अभ्यासक्रम केला आणि सरळ कौन्सिलात चिकटले. काम सांगायला सोपं आहे. सरकारच्या यादीत ज्या जुन्या इमारतींची नावं असतात त्यांना लिस्टेड म्हणतात. अशा घराच्या मालकाला आत-बाहेर काही बदलायचं असेल तर आधी आम्हाला विचारावं लागतं. न विचारता बदललं तर तो चक्क गुन्हा. आम्ही हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. लोकांच्या आठवणीत फक्त 'नाही' राहतं, त्यामुळे पार्ट्यांमध्ये मी शक्यतो 'कौन्सिलमध्ये आहे' एवढंच सांगायचे.

मला याद्यांची सवय आहे. वाण्याची यादी, प्रवासाची यादी, नवऱ्याने विसरू नयेत अशा गोष्टींची यादी. जागेवर पाहणीला गेले की तिथलाही क्रम ठरलेला: आधी छप्पर, मग पन्हाळी, मग लाकूड, मग भिंती. पाणी वरून येतं, म्हणून सुरुवात वरून. माणसं या क्रमात नव्हती. ती अर्जाच्या पहिल्या पानावर असतात, असा माझा समज होता.

गेट लॉजेस माझ्याकडे बरीच आली आणि त्यांच्या मालकांनी माझी करमणूकही बरीच केली. एका बाईंनी खिडकी अडकली आहे म्हणून सुतार बोलावला. सुताराने बराच वेळ खटपट केल्यावर कळलं की खिडकी भिंतीवर रंगवलेली आहे. दाराच्या डाव्या हाताला खरी खिडकी, म्हणून उजव्या हाताला जोडीची रंगवून दिलेली. बाईंनी ती खरी करायला परवानगी मागितली. मी नाकारली. खोटी खिडकी इतकी वर्षं टिकली की तिलाच इतिहास म्हणतात, हे त्यांना समजावताना माझा चेहरा सरळ राहिला याचा मला आजही अभिमान वाटतो. दुसऱ्या एका घराच्या छपरावरचा दगडी कलश धुमसतो म्हणून शेजाऱ्यांनी अग्निशामक दलाला बोलावलं. कलश म्हणजे धुराडंच होतं. नोकराच्या चुलीचा धूर साहेबांना चालत होता, धुराडं दिसलेलं चालत नव्हतं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण यातलं सगळं एकाच घरात मला भेटलं. त्या घराचे मालक मराठी होते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका सकाळी ऑफिसात फोन आला. पलीकडचा आवाज इंग्रजीत सुरू झाला, माझं नाव ऐकून थबकला, आणि मराठीत आला.

"तुम्ही आपल्या आहात?"

"मी कौन्सिलची आहे," मी म्हटलं.

"ते झालंच हो. पण आपल्या आहात ना? मग प्रश्न मिटला."

प्रश्न तिथे सुरू झाला. या गृहस्थांना मी इथे डॉ. इनामदार म्हणते. हे आडनाव मी त्यांच्या स्वभावावरून दिलं आहे. हाडांचे डॉक्टर, मिरजेहून तरुणपणी आलेले, इथल्या सरकारी हॉस्पिटलात कन्सल्टंट होऊन निवृत्त झालेले. निम्म्या जिल्ह्याचे खुबे आणि गुडघे त्यांनी बसवले होते. नव्या नोकरीच्या दिवसांत रोज बसमधून जाताना त्यांना एका इस्टेटीचं फाटक दिसायचं. दोन्ही बाजूंना देवळाच्या घाटाची दोन छोटी बांधकामं, मध्ये लोखंडी दरवाजे, पलीकडे झाडीत गडप होणारा रस्ता. एक दिवस इथे राहायचं, असं त्यांनी ठरवलं. निवृत्त झाले तेव्हा ती दोन देवळं विकायला निघाली होती.

दोन देवळं म्हणजे एक घर. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. जमीनदाराला फाटकाच्या दोन्ही बाजू सारख्या हव्या होत्या, म्हणून त्याने एक घर अर्धं कापून रस्त्याच्या दोन अंगांना ठेवलं. डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे झोपायची खोली. पहारेकऱ्याचं कुटुंब जेवून उठलं की पावसातून रस्ता ओलांडून झोपायला जायचं. साहेबांची घोडागाडी मध्येच आली तर आधी घोडे, मग झोप.

डॉक्टरांना हे सगळं माहीत होतं आणि फार आवडलं होतं. सुमनकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माहीत नव्हतं. पण दिवसातून अनेकदा रस्ता त्याच ओलांडत होत्या. त्यांचे गुडघे गेले होते. जिल्ह्याचे गुडघे बदलणाऱ्या डॉक्टरांची बायको स्वतःचे गुडघे कुणाला हात लावू देत नव्हती. "यांच्याबरोबर जेवलेले सगळे सर्जन मी बघितलेत," असं त्या पुढे मला म्हणाल्या.

अर्ज होता भुयाराचा. खडीच्या रस्त्याखालून, दोन देवळांना जोडणारा, दोन्ही टोकांना छोटी लिफ्ट असलेला मार्ग. मी साहेबांना, म्हणजे आमच्या मार्टिनला, नकाशा दाखवला. मार्टिन शांत इंग्रज होता. त्याने चहा ढवळला.

"तुझी ओळख आहे यांच्याशी?"

"नाही. फक्त भाषा एक आहे."

"मग फाइल दुसऱ्याला द्यावी का? हितसंबंध वगैरे?"

"त्या हिशेबाने तुला कुठल्याच इंग्रजाची फाइल हाताळता येणार नाही, मार्टिन."

त्याने जरा विचार केला आणि फाइल माझ्याकडे परत सरकवली.

पाहणीला गेले तेव्हा डॉक्टर फाटकाशीच उभे होते. नेव्ही ब्लेझर, टाय. त्यांनी मला घर दाखवलं ते महाल दाखवावा तसं. पुढे दोन-दोन खांब, वर त्रिकोणी शिखर, छपरावर कलश, आणि एक रंगवलेली खिडकी, जिच्या चौकटीला ते स्वतः दर वर्षी रंग देत होते.

"बघा, एकदम सममिती. भुयाराने यातलं काहीच बिघडत नाही. वरून दिसणारच नाही. आपल्याकडे प्रत्येक किल्ल्याला भुयार असतंच की."

"असतं असं म्हणतात, डॉक्टर. सापडलेलं मी अजून पाहिलं नाही."

मी छपरापासून सुरुवात केली. पन्हाळी तुंबलेल्या. खांब दगडाचे वाटत होते. बोटाने ठोकले तर आतून पोकळ लाकूड. मग मी मागे गेले. डॉक्टर माझ्यामागे आले नाहीत. मागच्या बाजूला ते पाहुण्यांना नेत नसत, हे लक्षात आलं. मागे सगळी साधी, ओबडधोबड वीट, बुटकी, उतरत्या छपराची कोळशाची खोली, चिखल. घोडागाडीतून दिसत नाही ती बाजू जमीनदाराने उरलेल्या सामानात उरकली होती. समोरून देऊळ, मागून गोठा. भिंतीलगत थोडं खणून मी जमिनीतला पायाही पाहिला. एवढं नटूनथटून उभं असलेलं घर जवळजवळ मातीवरच टेकलं होतं. शेजारी भुयार खणलं की खांब आधी वाकणार आणि मग फाटकाचे दगडी स्तंभ एकमेकांच्या गळ्यात पडणार. नकार तिथेच लिहून टाकण्यासारखा होता.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून हाक आली. "आत ये गं. चहा टाकलाय."

सुमनकाकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. ठेंगण्या, स्वेटरवर पदर खोचलेला. खोली लहान, पण त्या खोलीत जो जीव होता तो पलीकडच्या देवळात नव्हता. खिडकीत कोथिंबिरीची कुंडी, भिंतीला टेकलेली शिलाईची मशीन, खुर्चीत अर्धी विणलेली शाल, कोपऱ्यात देव. चहा पुढे ठेवून त्यांनी आधी बाहेर डोकावून पाहिलं.

"तूच ना हो-नाही म्हणणार?"

"मी शिफारस करते, काकू."

"मग नाही म्हण."

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. इतक्या वर्षांत नाही म्हणू नका म्हणून लोक रडले होते, ओरडले होते, एकाने कुत्रा सोडला होता. नाही म्हणा, हे पहिल्यांदाच ऐकत होते.

"पण काकू, अर्ज तर तुमच्यासाठीच आहे. तुमच्या पायांसाठी."

"पायांसाठी आहे ना? मग मला विचारलं का कुणी?" त्या हळूच खुर्चीत बसल्या. "अगं, भुयार झालं की हे दिवसभर इकडे. यांची झोपेची वेळ, यांची जेवायची वेळ, ऑन कॉलचा फोन माझ्या उशाशी. सगळं आयुष्य यांच्या घड्याळावर. आता रिटायर झाले तर पहाटेपासून रेडिओ. या घरात आल्यावर पहिल्यांदा मला दार लावून बसायला जागा मिळाली. मध्ये रस्ता आहे म्हणून यांना आळस येतो, आणि मला शांतता मिळते."

"मग झोपायलाही इकडेच या ना."

"कुठे? इथे पलंग मावत नाही. संडास-बाथरूम तिकडे. आणि निखिलने सांगितलंय, एक तर भुयार, नाहीतर मँचेस्टर. मँचेस्टरचं पुढचं पुढे, आधी हे भुयार टळू दे."

निखिल त्यांचा मुलगा, मँचेस्टरला एका आय.टी. कंपनीत होता. आईवडिलांसाठी त्याने स्वतःच्या घराजवळ तळमजल्यावरचा फ्लॅट बघून ठेवला होता. भुयार नाकारलं गेलं की हे घर विकायचं, असं बापलेकांत ठरलं होतं. म्हणजे मी हो म्हटलं तर काकूंचं स्वयंपाकघर जाणार, आणि नाही म्हटलं तर अख्खं घर.

"निखिलला खरं सांगा की."

"काय सांगू? तुझ्या बापाच्या आणि माझ्या मध्ये मला रस्ता हवाय म्हणून? या वयात?" आणि मग त्या स्वतःच हसल्या. "शंकरपाळे घे. की तेही लाच म्हणून लिहावं लागेल तुला?"

परत येऊन मी मार्टिनला सांगितलं की अर्जदाराच्या बायकोला नकार हवा आहे.

"अरे वा," तो म्हणाला, "या वर्षी निदान एकाला तरी आपण खूश करू."

पण मला ते डोक्यातून जाईना. नियमाने माझा नकार बिनचूक होता. माझ्या यादीतली प्रत्येक गोष्ट, छपरापासून पायापर्यंत, त्या नकाराने सुरक्षित राहणार होती. फक्त त्या घरात ज्या एका माणसाला खरोखर राहायचं होतं, तेच बाहेर जाणार होतं. मी नकाशे पुन्हा काढले. या वेळी मागून.

पुढची भेट शनिवारी ठेवली, कारण निखिल तेव्हाच येऊ शकत होता. तो उंच, हसरा, घाईतला मुलगा. त्याचं मराठी घरापुरतं.

"बघा ना, आई रोज तो ड्राइव्ह क्रॉस करते. विंटरमध्ये बर्फ असतो. इट्स रिडिक्युलस. तुमची ऑफिस काही करणार नसेल तर दे हॅव टू मूव्ह."

"भुयार होणार नाही," मी म्हटलं. "तुमच्या घराला पायाच नाही."

डॉक्टर ताठ झाले. "म्हणजे आपल्या माणसाने आपल्या माणसाचं एवढंसुद्धा..."

"डॉक्टर, जरा मागे याल का?"

त्यांची इच्छा नव्हती, पण आले. चिखलात त्यांचे चकाकते बूट बघवत नव्हते. मी स्वयंपाकघरामागची कोळशाची खोली दाखवली. ही पाडून तिथे एक खोली आणि बाथरूम होऊ शकतं, म्हटलं. बुटकं, विटांचं, रस्त्यावरून न दिसणारं. या बाजूला राखण्यासारखं काही नाही, तेव्हा परवानगीची शिफारस मी करू शकते.

"एकाच बाजूला?" डॉक्टर खरोखर दुखावले. "मग सममितीचं काय? दुसरीकडेही हवं ना तसंच."

"दुसऱ्या बाजूला यू नावाचं जुनं, संरक्षित झाड आहे. त्याच्या मुळांना हात लावता येत नाही."

"पण मग घर वाकडं होईल. मूळ मालकाला हे कधीच चाललं नसतं."

मूळ मालकाची बाजू घेऊन कौन्सिलशी भांडणारा अर्जदार आणि घर बिघडवा म्हणून विनवणारी कॉन्झर्व्हेशन ऑफिसर, असं दृश्य माझ्या नोकरीत पुन्हा आलं नाही.

"मूळ मालक मागे कधी आलाच नव्हता, डॉक्टर. आला असता तर विटा जरा बऱ्या लावल्या असत्या."

निखिल हसला. मग त्याने कामाचा प्रश्न विचारला. "खोली केवढी? दोघांची बेड बसेल?"

काकू काठी चौकटीला टेकवून दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हातातल्या कोथिंबिरीची पानं खुडत राहिल्या.

"एक पलंग," मी म्हटलं. "छताचा उतार, दाराची जागा, बाथरूमचं रुंद दार, हे सगळं धरून एकच."

हे खरं होतं. मी काढलेल्या नकाशात एकच पलंग बसत होता. दार दुसऱ्या भिंतीला काढलं असतं तर दोन बसले असते, पण तसं कुणी विचारलं नाही.

"आणि मी?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही तिकडेच," काकू म्हणाल्या. "तुमची पुस्तकं आहेत, रेडिओ आहे. जेवायला या."

"आणि रात्री तुला काही लागलं तर?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. पहिल्या भेटीत इथेच पायाजवळ खणून पाहताना मला शिशाची एक बारीक नळी दिसली होती. ती एका देवळातून निघून रस्त्याखालून दुसऱ्यात जात होती आणि तिच्या आत गंजलेली तार होती. जुन्या काळची घंटेची तार. एका बाजूला ओढली की दुसऱ्या बाजूला घंटा वाजायची, पहारेकरी पलीकडे झोपलेला असला तरी फाटकाची वर्दी त्याला कळावी म्हणून.

"तुमचं भुयार आहेच, डॉक्टर," मी म्हटलं. "बोटाएवढं आहे. ही घंटा दुरुस्त केलीत तर आमचं ऑफिस फार खूश होईल."

डॉक्टर वाकले. नळीला त्यांनी हात लावला तो हाड तपासावं तसा, अंगठ्याने दाबत, हळूहळू. या घरातली एक खरी जुनी गोष्ट त्यांना सापडली होती आणि ती मागच्या बाजूने सापडली होती. ते बराच वेळ उठले नाहीत. उठल्यावर त्यांनी पहिल्यांदा कोळशाच्या खोलीकडे नीट पाहिलं.

"वीट तशीच जुनी वापरायची," ते निखिलला म्हणाले. "नवीन चालणार नाही."

मँचेस्टरचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. गाडीपर्यंत मला सोडायला आले तेव्हा मात्र डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "तुमची मापं नेहमी इतकी अचूक असतात?"

"गरजेप्रमाणे असतात, डॉक्टर."

त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं की नाही हे मला आजही नक्की सांगता येत नाही. सर्जन माणसं चेहरा शिवून ठेवतात.

पुढे कौन्सिलातल्या कपातींमध्ये माझी जागा अर्धी झाली आणि मी बाहेर पडले. मागे वळून बघताना एक हळहळ राहते. इतकी वर्षं मी घरांच्या पुढच्या बाजू राखल्या. खांब, कलश, रंगवलेल्या खिडक्या. मागच्या बाजूला जाऊन, बाईला एकटीला गाठून 'तुम्ही कुठे झोपता' हे विचारायला मी फार उशिरा शिकले. त्याआधीच्या किती फायलींत मी बिनचूक होते, कोण जाणे. त्या भेटीनंतर पाहणीच्या क्रमात मी बदल केला: आधी माणसं, मग छप्पर. पाणी वरून येतं हे खरं, पण घर गळतं ते खालून.

नोकरी सोडण्याआधी, इनामदारांच्या घराचं काम पुरं झाल्यावर तपासणीला गेले तोही शनिवार होता. महालात आता लग्नांचं हॉटेल आहे, त्यामुळे शनिवारी फाटकातून वराती जातात. काकूंची नवी खोली पुढून दिसत नव्हती; मी मुद्दाम रस्त्यावर चालून चारही कोनांतून पाहिलं. आत ऊन होतं. एक पलंग, पलंगावर पुरी झालेली शाल. आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत बसलो.

भिंतीवरची घंटा किणकिणली.

"चहा हवाय त्यांना," काकू म्हणाल्या आणि बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला.

"देऊन येऊ का मी?"

"बस. येतील."

खिडकीतून पलीकडे डॉक्टर दिसले. ब्लेझर, टाय, हातात रिकामा कप. ते रस्त्यावर पाऊल टाकणार तोच वळणावरून पांढरी घोडागाडी आली, आत नवरा-नवरी. वाऱ्याने फाटकाचा एक दरवाजा अर्धवट लोटला गेला होता. गाडीवान थांबला. डॉक्टरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कप बगलेत धरला, आणि दरवाजा दोन्ही हातांनी ढकलून पूर्ण उघडला. गाडी पुढे झाली. नवरदेवाने रेशमी टोपीला हात लावून वरून काहीतरी म्हटलं. डॉक्टरांची मान आपसूक लवली.

काकू हसून हसून खुर्चीला धरून राहिल्या. डोळे पुसले. बाहेर डॉक्टरांनी फाटक लावलं, कडी घातली, खडीवरून चालत आले आणि दारात उभे राहिले. दार आतून बंद होतं. ते वाजवण्याआधी क्षणभर थांबले, टाय सरळ केला, आणि हलकेच टकटक केली.

"कोण?" काकूंनी बसल्या जागेवरून विचारलं.